सातवी ठिणगी

सहा ठिणग्या जमल्या होत्या आणि सातवी पडणार, तेवढ्यात मुंगी मेला.

मग व्हायचं तेच झालं. मुंगी हे नाव घेऊन खेळणारा तलवारवालाच पडल्यावर बाकीचे किती टिकणार? मिनिटभरात पाचही जण आडवे झाले आणि पडदा काळा पडला.

तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"हरलात?" नवरा कपड्यांना इस्त्री करत होता.

"त्या मुंगीमुळे. सलग सातवा शनिवार."

खेळात ती जादूगारीण होती. शत्रूचा एकेक सैनिक पडला की तिला एक ठिणगी मिळे. एक ठिणगी खर्चून सोबत्याभोवती ढाल उभारता येई. पण खर्च न करता सात साठवल्या, तर वणवा पेटवून राक्षसालाच जाळता येई. ती कारखान्यात भांडारपाल होती. तुटका स्क्रू दाखवल्याशिवाय नवा द्यायची नाही. ठिणग्यांच्या बाबतीतही तिचा हात तितकाच आखडता. लढाईभर तिची नजर पडद्याच्या तळाशी, ठिणग्यांच्या पट्टीवर खिळलेली असे.

"एखादी ढाल देऊन टाक की त्याला," नवरा म्हणाला.

"का म्हणून? आपली जागा सोडून नको तिथे तडमडतो आणि मरतो. त्याच्यासाठी मी ठिणगी घालवू?"

तिने हेडफोन पुन्हा चढवला. मुंगी अजून होता.

"चुकलं, ताई," तो म्हणाला. "या वेळी जरा उशीर झाला मला."

"उशीर कसला? तुला कोणी बोलावलं होतं का तिथे?"

तो गप्प राहिला. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. त्याचा हाच स्वभाव तिच्या डोक्यात जाई. निदान भांडावं तरी माणसाने.

ती थेट मास्तरांशी बोलली. मास्तर म्हणजे तुकडीचे प्रमुख. एरवी लोकांना गाडी चालवायला शिकवत.

"मास्तर, आता पुरे झालं. एक तर मुंगी राहील, नाहीतर मी."

"विचार करून बोलताय ना, ताई?"

"सात शनिवार विचारच करतेय."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत मतदान घेऊ. आजच्या लढाईची चित्रफीतही नेहमीसारखी सगळ्यांना पाठवतो. बघा आणि मग मत द्या."

तिने चित्रफीत उघडलीसुद्धा नाही. स्वतः तिथे हजर असताना बघायचं काय? मत दिलं आणि मोकळी झाली.

रविवारी दुपारी जेवणं उरकली, तोच निकाल आला. मुंगीने जावं, दोन मतं. ताईंनी जावं, तीन.

तिने तीनदा वाचलं. मग मास्तरांना गाठलं.

"तुकडीतल्या त्या दोघी बहिणींचं एक वेळ समजू शकते. तुम्हीसुद्धा, मास्तर?"

"चित्रफीत बघितलीत?"

"नाही."

"बघा. मी थांबतो."

चित्रफीत मास्तरांच्या बाजूने टिपलेली होती. ती एका कडेला खांबासारखी उभी होती, डोक्याभोवती सहा ठिणग्या फिरत होत्या. राक्षस वळला आणि सरळ तिच्यावर धावून गेला. ती जागची हलली नाही. लांबून मुंगी धावत आला, तिच्यापुढे उभा राहिला, आणि राक्षसाचा हातोडा त्याच्यावर पडला.

तिने आधीच्या शनिवारची काढली. त्याच्या आधीच्याही. राक्षस तिच्यावर येई आणि मुंगी आडवा जाई.

तिने चित्रफीत बंद केली. आतल्या खोलीत नवरा कपाट लावत होता, त्याचा तेवढा आवाज.

"तुमचं खरं आहे, मास्तर," ती म्हणाली. "मी जाते. पण मुंगीने जावं म्हणून दोन मतं पडली. एक माझं. दुसरं कोणाचं?"

"त्याचंच," मास्तर म्हणाले.