पाचवा टप्पा

दुष्काळात पिशोरजवळच्या वस्तीवरची उपासमार पाहून मदतसंस्थेत काम करणारी पद्मजा संभाजीनगरच्या हॉटेलात परिषदेला आली. भूक मोजायची पाच टप्प्यांची पद्धत आणखी काही देशांनी स्वीकारली, म्हणून तिथं टाळ्या वाजत होत्या.

"सर, वस्ती चौथ्या टप्प्यात आहे. धान्य कधी पाठवायचं?"

"पाचवा लागू दे," संस्थेचे संचालक फोटोसाठी जॅकेट नीट करत म्हणाले. "माणसं दगावायला लागली, की देणगीदार लगेच हलतात."

पद्मजाला त्यांची शिसारी आली. पण वस्तीवर परतल्यावर धान्याची वाट पाहणाऱ्या मनकर्णाबाईंना तिला खरं काही सांगवेना. ती एवढंच म्हणाली, "मावशी, धान्य पाचव्या टप्प्यात मिळतं."



मनकर्णाबाईंनी हात जोडले. "मग ताई, आमाला लवकर पाचव्यात घाला की!"