ठिपक्यावरचा डाग

समजा, तुमच्या हातात चौकटीचौकटींचा एक कागद आहे. मधोमध काळा ठिपका. एक डोळा तळहाताने झाका, ठिपक्याकडे बघत राहा, आणि जिथे रेघा गायब होतील तिथे पेन्सिलीने काळं करा. सोपं आहे ना?

चष्म्याच्या दुकानात उंच स्टुलावर बसलेल्या मुलीला मात्र घाम फुटला होता. परवाच्या ग्रहणात तिने काळा चष्मा वर उचलला होता. एकदाच, क्षणभर.

"चष्मा नाकावर होता की कपाळावर?" आईने तिसऱ्यांदा विचारलं. "शेंडेफळ म्हणून लाडावलीय हो. सांगून ऐकेल तर शपथ!"

"रागावू नका, ताई," चष्मेवाले काका म्हणाले. "सकाळपासून शाळेतली सात मुलं येऊन गेली. सातही कागदांवर डाग थेट ठिपक्यावर. मला कळतच नाही. शाळेला दिलेला एकेक चष्मा मी स्वतः सूर्याकडे धरून पाहिला होता. काचेला चरा दिसला, की तो बाजूला काढत होतो."

"डाग जातो का, काका?" मुलीने हळूच विचारलं.

"कधी जातो. कधी जन्मभर राहतो, बाळा. डोळा आतून तेवढ्या जागी भाजतो. दुखत मात्र नाही, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही."

मुलीने उजव्या डोळ्याने पाहिलं, मग डाव्याने. पुन्हा उजव्याने. खूप वेळ. शेवटी पेन्सिल मांडीवर ठेवून तिने कागद पुढे केला.

काकांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि सुस्कारा सोडला.

"हाही ठिपक्यावरच. ताई, उशीर करू नका. आजच मोठ्या दवाखान्यात न्या हिला."

आई मटकन बाकावर बसली. तिने पदर तोंडाला लावला.

मुलगी स्टुलावरून उतरली. टेबलावरचे सात कागद तिने एकेक करून पाहिले. एकावरही पेन्सिलीची खूण नव्हती. काकांच्या हातातला तिचा कागदही तसाच कोरा होता.

तिने एक नवा कागद काकांपुढे सरकवला आणि पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली.

"काका," ती म्हणाली, "आता तुम्ही एक डोळा झाका."