सुकलेली कोथिंबीर

शाळेनं सुट्टीत वाचायला दिलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन चंचल पंख्याखाली आडवी झाली, की उज्ज्वलाच्या पोटात दुखायला लागायचं. आईनं पांडेसऱ्याच्या चाळीतल्या त्या एका खोलीत मान मोडेस्तोवर साड्यांना टिकल्या चिकटवायच्या आणि पोरीनं खुशाल लोळत वाचायचं! त्यात एकदा उज्ज्वलानं सहज म्हणून दोन पानं वाचली आणि त्या गोष्टीनं तिला धरूनच ठेवलं. लग्नानंतर पुस्तक असं हातात घेतलंच नव्हतं तिनं.

तेव्हापासून पोरगी वाचण्यात रंगली की उज्ज्वलाला नेमकं काहीतरी आठवायचं.

"जाय, कोथिंबीर घेऊन ये."

चंचल निमूट उठायची. तिनं दार लोटलं की साडी बाजूला आणि पुस्तक मांडीवर. पोरगी परतायची ती तासाभरानं, आणि जुडी पार माना टाकलेली.

"कोपऱ्यावर जायला एवढा वेळ? आणि रोज असली सुकलेलीच जुडी बरी मिळते तुला," उज्ज्वला वर करवादायची.

आज ऐन शेवटाला वीज गेली. खोलीत अक्षर दिसेना, म्हणून उज्ज्वला पुस्तक घेऊन जिन्यात आली. वरच्याच पायरीवर चंचल बसली होती, मांडीवर कोथिंबीर घेऊन. पुस्तक लपवायलाही सवड मिळाली नाही.

"किती पानं राहिली, माय?"

"चार," उज्ज्वला खाली बघत म्हणाली.

चंचलनं जुडी तिच्या हातात दिली आणि ती उठली.

"मग लिंबं पण घेऊन येते."