जांभळी बाटली

सकाळी दहा वीसला परिचारिका ओनोदेराबाईंच्या मोठ्या आतड्यात गाठ दिसली. अकिताच्या रुग्णालयातल्या याच तपासणी-खोलीत चोवीस वर्षं त्या डॉक्टरांच्या हाती रंगाच्या बाटल्या देत आल्या. आज स्वतः टेबलावर होत्या. डॉक्टर नारितांनी दुर्बिणीतून गाठीवर निळा रंग सोडला. “पडद्याकडे बघू नका, बाई.” “तुम्ही नवखे होतात तेव्हा मीच बघायचे, म्हणून निभावलं तुमचं!” दोघं हसली. निळ्यात पृष्ठभागाची छिद्रं रेखीव दिसली तर गाठ साधी, विस्कटलेली तर कर्करोग. कडेची रेखीव होती. मधोमध पोचताच नारितांचं हसू थांबलं. “जांभळा द्या.” छिद्रं आणखी स्पष्ट दाखवणारा जांभळा शंका आल्याशिवाय कुणी मागत नसे. सवयीने ओनोदेराबाईंचाच हात बाटलीकडे गेला. शेजारी उभ्या नव्या परिचारिकेने एका हाताने डॉक्टरांना बाटली दिली, दुसऱ्याने तो हात धरून ठेवला. रंग मुरायला एक मिनिट लागतं. जांभळा गाठीवर सोडून चाळीस सेकंद झाले होते.