तिसरा रविवार

किका मारून मारून ज्युलियस घामाघूम झाला, तेव्हा कुठं स्कूटर सुरू झाली. ओट्यावरून लुसी ओरडली, "अहो, भरल्या चर्चमध्ये तमाशा करू नका!"

"मुलगी माझी आहे. हरकत मी नाही घेणार, तर कोण घेणार?"

लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, जोडप्याची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल त्यानं सांगावं. दोन रविवार तो दातओठ खात बसून राहिला होता. आज शेवटचा. आज गप्प बसला, तर जीना पाचूबंदरच्या त्या डिलनच्या घरात जाणार. केळीच्या वाडीत वाढलेली पोर, आणि नवरा महिना महिना समुद्रात! मुलाकडून निरोपावर निरोप आले, पण या पठ्ठ्यानं त्यांच्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं.

वळणावर आंब्याखाली एक म्हातारी छाती धरून बसली होती. छत्री बाजूला पडलेली.

ज्युलियस पुढं गेला. थोडा आणखी पुढं गेला. मग स्वतःलाच शिव्या घालत मागं वळला. हा त्याचा जुना रोग. कुणाची गाय विहिरीत पडो, कुणाचा टेम्पो चिखलात रुतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हा हजर.

"काय झालं, मावशी?"

"कळ आली रे, बाबा. पानी दे."

त्यानं पाणी पाजलं, रिक्षा थांबवली. म्हातारी त्याची बाही सोडेना. "एकटीला नको धाडू."

स्कूटर तिथंच लावून तो रिक्षात बसला. मिस्सा नुकतीच सुरू झाली असेल, पोहोचू, असं मनाला बजावत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. "तसं काही दिसत नाही. पण वय आहे, थोडा वेळ थांबा."

"मावशी, घरच्यांचा नंबर द्या. मला जायचंय."

"येतील रे, येतील."

ज्युलियसच्या येरझारा सुरू झाल्या. एव्हाना फादरांचं प्रवचन संपलं असेल. तो दारापर्यंत गेला, की मागून कण्हणं ऐकू यायचं. पाय अडायचे.

"माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो!" त्याचा आवाज फाटला.

"कळतं रे, बाबा." तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.

तो मटकन स्टुलावर बसला. पोरीसाठी आज एवढंही जमलं नाही, या विचारानं त्याला रडू आवरेना.

पिशवीतला मोबाइल वाजला. म्हातारीनं त्याचा हात सोडला, खाटेवर ताठ उठून बसली आणि फोन कानाला लावला.

"वाचली ना नावं? देवाची किरपा. डिलनला सांग, आजी ठनठनीत हाय." मग ज्युलियसकडं बघत ती हसली. "आनि जीना, तू बोललीस तसाच हाय गं तुझा बाप. थांबला."