दुखवट्याची साडी

"हिचेपण बाबा गेलेत?" कॉमिकमधल्या उडणाऱ्या मुलीवर बोट ठेवून जुईनं विचारलं. तिचे बाबा गेल्यापासून पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"हो. पहिल्याच पानावर," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या पानावर ती काय करते?"

"उठते. खांद्याला केप बांधते आणि बाहेर पडते."

जुईनं पान उलटून खात्री करून घेतली. "मला उद्या शाळेत जायचंय. केप घालून."

"मी सोडते तुला."

"महिनाभर तरी उंबरा ओलांडू नकोस, पल्लवी. लोक काय म्हणतील?" नणंद म्हणाली. माझ्या माहेरून आलेली दुखवट्याची साडी तिनं माझ्यापुढे ठेवली. राखी रंगाची, बिनकाठाची. यापुढे मी असंच नेसायचं होतं.

मी कात्री आणली आणि साडी मधोमध कापली. एक तुकडा जुईच्या खांद्यांवर बांधला. दुसरा उचलून जुई खुर्चीवर चढली आणि तिनं माझ्या खांद्यांवर गाठ मारली. दोनदा.

"अगं, दुखवट्याची साडी ती," नणंद पुटपुटली.

"तीच आहे, ताई. आम्ही दोघींनी वाटून घेतली."