बिघडलेला टीव्ही

बाबांचं तेरावं झालं, त्या आठवड्यात नाक्यावरचा टीव्ही मेकॅनिक बाबुश स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरी आला.

"जितू, तुज्या बाबांका दोनच नाद, खेळ आणि घर. कबड्डी असो नायतर क्रिकेट, माज्या दुकानात उभ्यान बघीत. घरचो टीव्ही बिघडलो आसा, म्हणीत. मी दुरुस्त करूक येतंय म्हटलंय, की नको म्हणीत. आता तरी दाखव. तेंच्यासाठी फुकट करून देतंय."

मी दार अडवून उभा राहिलो. तेवढ्यात आतून, आम्ही सगळे रोज बघतो त्या मालिकेचं गाणं मोठ्याने वाजलं.

बाबुशने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. पायरी उतरताना पुटपुटला, "माका म्हायत असतां, तर मी तेंका एक खुर्ची तरी दिली असती."